समुद्री जीवांना जपायचं तर: हात कुठे घालावा, कुठे आवरावा

११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतल्या दहशतवादी हल्ल्यांनंतरचे काही दिवस उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची जहाजांची ये-जा एकदम मंदावली. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तेव्हा शास्त्रज्ञ राइट व्हेल या दुर्मीळ देवमाशांची विष्ठा गोळा करत होते, आणि पाण्याखालचा आवाजही नोंदला जात होता. पुढे या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या. पाण्याखालचा गोंगाट सुमारे ६ डेसिबलने उतरला होता, आणि त्याच दिवसांत देवमाशांच्या शरीरातली ताणाशी निगडित संप्रेरकंही कमी झाली होती. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्या दिवसांत देवमाशांसाठी मुद्दाम कोणी काहीच केलं नव्हतं. माणूस थोडा मागे सरला होता, एवढंच.

समुद्री जीवांसाठी काही करावं असं मनापासून वाटणारे लोक बहुतेकदा थेट प्राण्याकडे धाव घेतात. वाळूवर आलेला डॉल्फिन पाण्यात ढकलतात, कासवाची पिल्लं उचलून लाटांपर्यंत नेतात, सीलच्या पिल्लाला घरी आणतात. हेतू चांगला असतो, पण अशाने जीव जातात. उलट जिथे आपला हात खरोखर पोहोचतो, म्हणजे घरातलं सांडपाणी, दिवे, खरेदी, होडीचा वेग, गावाचे नियम, तिथे आपण तो घालत नाही. म्हणून या लेखातल्या पायऱ्या घरापासून सुरू होतात आणि प्राण्यापर्यंत बऱ्याच उशिरा पोहोचतात. हा क्रम मी विचारपूर्वक ठेवला आहे.

पायरी १: तुमचं पाणी समुद्रापर्यंत कसं जातं ते शोधा

समुद्र तुमच्यापासून हजार किलोमीटर लांब असला तरी ही पायरी तुमच्यासाठी आहे. एखादी सुट्टीची दुपार काढा आणि दोन वाटा शोधून काढा. पहिली वाट घरातल्या सांडपाण्याची: न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि शौचालयाचं पाणी प्रक्रिया केंद्रात जातं, सेप्टिक टाकीत जातं की सरळ नाल्यात? दुसरी वाट पावसाच्या पाण्याची: रस्त्यावरचं पाणी कुठल्या जाळीतून आत जातं आणि कुठे बाहेर पडतं? पुष्कळ शहरांत पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं वेगळी असतात आणि त्यांतलं पाणी कसलीही प्रक्रिया न होता ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात जातं. रस्त्यावर टाकलेली सिगारेट, गाडी धुताना निघालेलं तेल, भिंतीला लावून उरलेला रंग हे सगळं याच वाटेने जातं. स्थानिक पालिकेकडे या वाहिन्यांचे नकाशे असतात, ते मागून घ्या. एकदा ही वाट डोळ्यांनी पाहिली की पुढच्या गोष्टी कोणी सांगाव्या लागत नाहीत.

मग शौचालयापासून सुरुवात करा. ओले पुसण्याचे कागद, म्हणजे वेट वाइप्स, शौचालयात टाकू नका. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, त्यांतल्या बऱ्याच कागदांत प्लास्टिकचे तंतू असतात आणि ते साध्या कागदासारखे विरघळत नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्स, कानातल्या काड्या, दात साफ करायचा दोरा, सॅनिटरी पॅड या सगळ्यांची जागा कचऱ्याच्या डब्यात आहे. मुदत संपलेली औषधंही शौचालयात ओतू नयेत. सांडपाणी केंद्रं मुळात औषधांचे रेणू वेगळे काढण्यासाठी बांधलेली नसतात. औषध दुकानात किंवा रुग्णालयात ती परत घेण्याची सोय आहे का, ते विचारा.

मांजर पाळणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. मांजराची विष्ठा शौचालयात किंवा गटारात टाकू नये. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून पाण्यात जातात, समुद्रापर्यंत टिकतात, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे समुद्री ऊद (सी ऑटर) त्यामुळे मेल्याचं दिसून आलेलं आहे. कुठे घरातलं मांजर आणि कुठे समुद्रातला ऊद! पाण्याची वाट शोधायला मी आधी सांगितलं ते याचसाठी.

आता कपडे. पॉलिस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक हे सगळं प्लास्टिकच. २०११ सालच्या एका अभ्यासात एका कपड्याच्या एका धुण्यात १,९०० पेक्षा जास्त तंतू सुटू शकतात असं आढळलं होतं. उपाय साधे आहेत: कृत्रिम धाग्याचे कपडे गरज असेल तेव्हाच धुवा, यंत्र पूर्ण भरून चालवा, पाणी थंड ठेवा, वेळ कमी ठेवा. नाजूक कपड्यांसाठीचा जो कार्यक्रम यंत्रात असतो तो भरपूर पाणी वापरतो, आणि त्यात तंतू उलट जास्त सुटतात. यंत्राच्या सांडपाण्याच्या नळीला बसणारी गाळणी मिळत असेल तर ती लावा, पण गाळणीत साठलेला गाळ कचऱ्यात टाका. तो बेसिनमध्ये धुतला तर सगळं मुसळ केरात.

बाग किंवा शेत असेल तर खताचा हिशेब महत्त्वाचा. पिकाने न घेतलेलं नत्र आणि स्फुरद पाण्याबरोबर वाहून जातं, नदीच्या मुखाशी समुद्रात शैवाल माजवतं. ते शैवाल मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. पळू शकणारे मासे पळतात, तळाशी राहणारे खेकडे, शिंपले, किडे गुदमरून मरतात. २००८ सालच्या एका आढाव्यात जगभरातले असे ४०० हून अधिक मृत पट्टे नोंदले गेले होते. मोठ्या पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी खत टाकू नका. माती तपासून लागेल तेवढंच द्या आणि पाण्याच्या काठाला झाडझाडोऱ्याचा पट्टा राखा.

पायरी २: प्लास्टिक कमी करताना धोक्याच्या क्रमाने जा

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार २०१० या एका वर्षात जमिनीवरून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं. एवढा मोठा आकडा ऐकला की माणूस हातपाय गाळतो, नाहीतर घरातली प्रत्येक डबी बदलायला निघतो. दोन्ही करू नका. सगळं प्लास्टिक प्राण्यांना सारखंच घातक नसतं.

पहिल्या क्रमांकावर फुगे. मेलेल्या समुद्री पक्ष्यांच्या २०१९ च्या अभ्यासात असं दिसलं की पोटात गेलेला फुग्याचा तुकडा कडक प्लास्टिकच्या तुकड्यापेक्षा ३२ पट अधिक जीवघेणा ठरू शकतो. मऊ रबर पचनमार्गात अडकून बसतं. त्यामुळे आकाशात फुगे सोडण्याचा कार्यक्रम कुठेही ठरत असेल तर तिथे शांतपणे, पण ठामपणे विरोध करा. मला विचाराल तर एका माणसाला एका संध्याकाळी जमण्यासारखं यापेक्षा उपयोगी काम क्वचितच असेल.

दुसऱ्या क्रमांकावर दोरे, जाळी, कडी, वेष्टणाच्या पट्ट्या, म्हणजे ज्यात मान, पंख किंवा पाय अडकेल असं काहीही. टाकण्याआधी प्रत्येक कडं कापा. तिसऱ्या क्रमांकावर पातळ पिशव्या. कासव पिशवीला जेलीफिश समजतं असं आपण ऐकत आलो आहोत, पण फसवणूक फक्त डोळ्यांची नाही. समुद्रात काही दिवस राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ आणि सूक्ष्मजीव वाढतात आणि त्याला अन्नासारखा वास येऊ लागतो. २०२० सालच्या एका प्रयोगात लॉगरहेड कासवांनी अशा जुन्या प्लास्टिकच्या वासाला खऱ्या अन्नाच्या वासासारखाच प्रतिसाद दिला. आपली पिशवी समुद्रात जितके दिवस राहते तितकी ती त्यांना भुलवत जाते.

आणि सिगारेटची थोटकं. त्यांतली गाळणी कापसाची वाटते, पण ती सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची असते. एक ओढलेलं थोटूक एक लिटर पाण्यात भिजत ठेवलं तर त्या पाण्यात ४ दिवसांत निम्मे मासे मरतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. धूम्रपान करणाऱ्या मित्राला उपदेश नको, झाकणाची छोटी डबी भेट द्या.

पायरी ३: मासे घेताना तीन प्रश्न विचारा

ज्यांच्या ताटात मासे नाहीत त्यांनी थेट पुढच्या पायरीवर जावं. बाकीच्यांनी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: हा मासा कोणता, कुठून आला आणि कशाने पकडला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत जास्त सांगून जातं.

गळाने एकेक मासा पकडला असेल तर नको असलेला जीव बहुधा जिवंत परत सोडता येतो. सापळ्यांचंही बरंचसं तसंच. पाण्यात भिंतीसारखी उभी राहणारी जाळी मात्र समोर येईल त्याला अडकवतात. मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात राहणारी व्हाकीटा ही छोटी पॉरपॉइज (डॉल्फिनची नातेवाईक) विज्ञानाला १९५८ साली कळली, आणि आज ती जेमतेम दहाच्या आसपास उरली आहे. तिला मारायला कोणी निघालं नव्हतं. टोटोआबा नावाच्या माशासाठी लावलेल्या जाळ्यांत अडकून ती बुडाली. हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्याला जाळ्यात काही मिनिटं अडकणंही पुरतं. समुद्राचा तळ खरवडत जाणारी ट्रॉल जाळी तर तळावरचं घरटंच मोडतात.

पण मच्छीमाराला खलनायक ठरवणं मला अजिबात मान्य नाही. साधन बदललं की तोच माणूस कितीतरी जीव वाचवतो. कोळंबीच्या जाळ्यात बसवायची एक लोखंडी चौकट असते. कोळंबी तिच्या गजांतून आत जाते आणि कासव गजांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर निसटतं. अमेरिकेत १९८७ साली ती सक्तीची करणारे नियम आले. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ लांब दोरांवर हजारो गळ लावून मासेमारी होते. तिथे आमिषावर झेपावणारे अल्बट्रॉस आणि इतर पक्षी १९९० च्या दशकात हजारोंनी बुडत होते. मग रात्रीच दोर सोडायचे, दोरांना वजन लावून ते झटकन बुडवायचे, बोटीच्या मागे फडफडणाऱ्या पट्ट्या बांधायच्या आणि विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवायची असं ठरलं. काही वर्षांत तिथले पक्ष्यांचे मृत्यू जवळपास शून्यावर आले. मासेमारी आजही चालू आहे.

तेव्हा विक्रेत्याला उत्तर माहीत नसलं तरी प्रश्न विचारत राहा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो अकराव्यासाठी उत्तर शोधून ठेवतो. आणि अंड्यांनी भरलेली मादी किंवा वाढ न झालेला छोटा मासा टाळा. त्याला एकदा तरी वीण घालायला मिळू द्या.

पायरी ४: किनाऱ्यावर पाय टाकताना

सगळ्यांत आधी उजेड. कासवाची पिल्लं बहुतेकदा रात्री वाळूतून वर येतात आणि क्षितिजाजवळ जिकडे सर्वांत उजेड दिसेल तिकडे चालू लागतात. लाखो वर्षं तो उजेड म्हणजे समुद्राचं पाणी होतं. आता तो रस्त्याचा दिवा असतो, हॉटेलची गच्ची असते. पिल्लं उलट्या दिशेने चालत राहतात. पहाटेपर्यंत थकून, सुकून, पक्ष्यांच्या तोंडी पडतात. किनाऱ्याजवळ घर किंवा व्यवसाय असेल तर विणीच्या हंगामात तीन गोष्टी करा: दिवा खाली आणा, त्याला समुद्राच्या बाजूने आडोसा लावा आणि पांढऱ्याऐवजी पिवळट-तांबूस लांब लहरींचा दिवा बसवा. खिडक्यांना पडदे. रात्री किनाऱ्यावर विजेरी आणि कॅमेऱ्याचा झगमगाट नको.

खेळताना खणलेले खड्डे निघण्यापूर्वी बुजवा. पिल्लू त्यात पडलं तर वर येत नाही, आणि अंडी घालायला आलेली मादीही अडकते. वाळूवर गाडी नेऊ नका. काही समुद्री पक्षी उघड्या वाळूवर, घरट्याशिवाय, वाळूच्याच रंगाची अंडी घालतात. पायाखाली येईपर्यंत ती दिसतसुद्धा नाहीत. एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत तुमच्यासमोरून पळत असेल तर तो तुम्हाला पिल्लांपासून लांब नेतो आहे असं समजा आणि आल्या पावली मागे फिरा. कुत्रा असेल तर तो दोरीने बांधलेला असावा.

शंख उचलू नका, अगदी रिकामे दिसले तरी. संन्यासी खेकड्याच्या मऊ पोटावर स्वतःचं कडक कवच नसतं, तो रिकामे शंख वापरतो आणि वाढत गेला की मोठा शोधतो. शंख न मिळाल्याने बाटलीचं झाकण पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे कित्येक किनाऱ्यांवर दिसतात. तो फोटो लोक गंमत म्हणून पाठवतात. मला तो बघवत नाही.

पायरी ५: किनारा साफ करायचाय? आधी कचरा जाणार कुठे ते ठरवा

गोळा केलेला कचरा पुन्हा उघड्यावरच पडणार असेल तर पुढच्या भरतीला तो परत येईल. म्हणून पालिकेशी बोलून वाहन आणि जागा ठरल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. कासवांचा किंवा पक्ष्यांचा हंगाम चालू आहे का, ते वनविभागाला विचारा. वेळ ओहोटीची धरा.

जाड हातमोजे, बंद बूट, शक्यतो पिशव्यांऐवजी बादल्या. सुया आणि काच उचलायला वेगळा घट्ट डबा. पिंप, सिलिंडर, नळकांडं, ओळखू न येणारं काहीही दिसलं तर हात न लावता जागा खुणावून कळवा. वाळूत अर्धवट पुरलेलं जाळं ओढून काढायला जाल तर पाठ जाईल आणि वाळूही उकरली जाईल. वर दिसणारा भाग कापून घ्या, उरलेल्यासाठी मनुष्यबळ मागवा.

वाहून आलेलं समुद्री शेवाळ हा कचरा नव्हे. भरतीच्या रेषेवर साचलेल्या त्या काळपट, वास येणाऱ्या ढिगात बारीक जीव राहतात, त्यांच्यावर किनाऱ्याचे पक्षी जगतात, आणि वाळू धरून ठेवायलाही त्याची मदत होते. लाकडाचे ओंडकेही तिथेच राहू द्या. यंत्राने किनारा विंचरून गुळगुळीत करणं दिसायला छान असतं, पण त्यानंतर त्या वाळूत फारसं काही उरत नाही.

आणि मोजा. किती बाटल्या, किती थोटकं, किती दोर, कुठल्या प्रकारची वेष्टणं. १९८६ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर स्वयंसेवकांनी कचरा उचलताना प्रत्येक वस्तूची नोंद केली होती. तिथूनच आज जगभर चालणारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम सुरू झाली. उचललेला कचरा एका दिवसाचा असतो, नोंद मात्र धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर वर्षानुवर्षं बोलत राहते.

पायरी ६: संकटातला प्राणी दिसला तर

इथे शांतपणे वाचा, कारण प्रत्यक्ष वेळ येईल तेव्हा वाचायला सवड नसते. किनाऱ्यावर जाण्याआधीच तिथल्या वनविभागाचा, तटरक्षक दलाचा किंवा प्राणी बचाव पथकाचा क्रमांक फोनमध्ये ठेवा. ही एक तयारी बाकी सगळ्यापेक्षा मोलाची.

प्राणी दिसला की आधी थांबा, लांबून पाहा. श्वास चालू आहे का? रक्त, जाळं, गळ दिसतो का? तो खरंच संकटात आहे का? सील वाळूवर येऊन झोपतात, ते त्यांचं रोजचं आहे. एकटं दिसणारं पिल्लू बहुधा आईची वाट पाहत असतं, आणि माणसं घेरून उभी राहिली तर आई जवळ येत नाही. मग फोन करा. नेमकी जागा, प्राण्याची अंदाजे लांबी, हालचाल आणि भरती-ओहोटीची स्थिती सांगा. लांबून काढलेला फोटो पाठवा. त्यानंतर तुमचं मुख्य काम म्हणजे गर्दी आणि कुत्री लांब ठेवणं आणि गोंगाट थांबवणं.

डॉल्फिन किंवा देवमासा वाळूवर आला असेल तर तो पाण्यात ढकलू नका. तो बहुधा आजारी, जखमी किंवा वाट चुकलेला असतो. पाण्याने तोललेलं त्याचं शरीर जमिनीवर स्वतःच्याच वजनाने दबतं, स्नायू आणि फुप्फुसं इजा पावतात. तसाच ढकलला तर तो बुडतो किंवा थोड्या अंतरावर पुन्हा लागतो. पथक येईपर्यंत फोनवर सांगतील तसं करा. साधारणपणे सांगितलं जातं ते असं: त्याला पोटावर सरळ ठेवा, वल्ह्यांसारख्या पुढच्या परांखाली वाळू उकरून थोडे खड्डे करा म्हणजे भार कमी होतो, अंगावर ओलं फडकं पसरा आणि सावली करा. चरबीच्या जाड थरामुळे तो आतून तापतो, उन्हात कातडी भाजते. डोक्यावर जे श्वासाचं छिद्र असतं ते कधीही झाकू नका, त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. शेपटीला धरून ओढू नका, शेपटीच्या टप्प्यात उभेही राहू नका. त्याच्या उच्छ्वासापासून तोंड लांब ठेवा, कारण त्यातून जंतू येतात. श्वास किती वेळाने घेतो ते मोजून ठेवा, पशुवैद्याला त्याचा उपयोग होतो.

कासव. तोंडातून दोरी किंवा नायलॉनचा धागा लोंबत असेल तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक आतड्यात असू शकतं, आणि ओढलेली दोरी आतडं चिरते. मदत येणार असेल तर बाहेरचा धागा तसाच राहू द्या. मानेला किंवा वल्ह्यासारख्या पायाला आवळलेलं जाळं असेल तर पथकाला विचारून, ते सांगतील तसंच कापा, नाहीतर कासव आवळलेलं जाळं घेऊनच निसटू शकतं. कासवाला उलटं करू नका, पाण्याच्या टाकीत ठेवू नका. अशक्त कासव बुडतं, हे पुष्कळांना पटत नाही, पण ते फुप्फुसांनी श्वास घेतं. उष्ण हवेत सावली आणि पाठीवर ओलं फडकं पुरे, डोळे आणि नाकपुड्या मोकळ्या ठेवा. थंडीने बधिर झालेलं कासव मात्र ओलं करू नका, घाईने गरमही करू नका.

वाळूतून निघालेली पिल्लं स्वतः चालू द्या. जवळपासचे दिवे बंद करवा, वाटेतले लोक बाजूला काढा, पावलांचे खोल ठसे सपाट करा. पिल्लं रस्त्याकडे वळलेली दिसली तर लगेच फोन करा आणि तिकडून सांगतील तसं वागा.

तेलाने माखलेला पक्षी घरी नेऊन साबणाने धुवायचा मोह आवरा. आधी त्याला ऊब, पाणी आणि ताकद द्यावी लागते, धुणं नंतर येतं आणि ते प्रशिक्षित लोकांचं काम आहे. शिवाय बर्ड फ्लूचा धोका आता खरा आहे. गेल्या काही वर्षांत तो दक्षिण अमेरिकेतल्या सागरसिंहांपर्यंत पोहोचून त्यांतले हजारो मेले. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श नको. समुद्री साप निपचित दिसला तरी तो विषारी असतो, त्याला काठीनेही डिवचू नका. निळ्या फुग्यासारखा पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर वाळूवर सुकलेला असला तरी त्याचे तंतू डंख मारू शकतात.

मेलेला प्राणीही कळवा. त्याच्या पोटात, कातडीवर, हाडांवर मृत्यूचं कारण लिहिलेलं असतं. दात, कवच, हाड आठवण म्हणून घेऊ नका. बऱ्याच देशांत तो गुन्हाही आहे.

पायरी ७: पाण्यात उतरताना

होडीने देवमासे किंवा डॉल्फिन पाहायला जाणार असाल तर नावाड्याला आधी विचारा: अंतर किती ठेवता? देवमाशांसाठी पुष्कळ ठिकाणी किमान १०० मीटर धरलं जातं, पिल्लू बरोबर असेल तर आणखी लांब. समोरून किंवा पाठीमागून जायचं नाही, बाजूने, समांतर आणि हळू जायचं. वाट अडवायची नाही, दोन होड्यांच्या मध्ये कोंडायचं नाही. प्राणी स्वतःहून जवळ आला तर इंजीन न्यूट्रलवर ठेवून थांबायचं. जो नावाडी अंतर राखायला नकार देतो त्याच्या होडीत बसू नका आणि का बसत नाही तेही सांगा.

वेगाची गोष्ट मोठ्या जहाजांनाही लागू आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ठरावीक पट्ट्यांत आणि ठरावीक महिन्यांत मोठ्या जहाजांना १० नॉट्सची (ताशी साधारण १८.५ किलोमीटर) मर्यादा २००८ पासून लागू झाली, कारण वेग कमी झाला की धडकेत देवमासा मरण्याची शक्यता बरीच उतरते. शिवाय मंद जहाजाचा आवाजही साधारणपणे कमी असतो.

प्रवाळाजवळ पोहताना उभे राहू नका. पोहण्यासाठी पायात घातलेले रबरी पंख (फिन्स) खाली लागू देऊ नका. भक्कम गोलाकार प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटर वाढतं, तेव्हा एका लाथेत मोडलेला तुकडा एखाद्या माणसाच्या वयाएवढा असू शकतो. होडीचा नांगर प्रवाळावर किंवा सागरी गवतावर टाकायचा नाही. बांधायला तरंगता बोया असेल तो वापरा, नसेल तर मोकळी वाळू शोधा. सनस्क्रीनमधल्या, प्रवाळाला घातक मानल्या जाणाऱ्या ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट या रसायनांवर हवाईत २०२१ पासून विक्रीबंदी आहे, प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशाने तर २०२० पासूनच अशा सनस्क्रीनवर बंदी घातली. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला की हा प्रश्न बराचसा सुटतो. पण प्रवाळाचा मोठा शत्रू पाण्याची वाढती उष्णता आहे. आपण वातावरणात अडकवलेल्या जादा उष्णतेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने पोटात घेतला आहे, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी घटना जाहीर केली. कोळसा आणि तेल कमी जाळणं हे प्रवाळ वाचवण्याचंच काम आहे, भले तुम्ही कधी समुद्रात उतरला नसाल.

पायरी ८: जागा राखा, नियम राखा

मेक्सिकोतल्या काबो पुल्मो या छोट्या वस्तीजवळचं प्रवाळ अति मासेमारीने ओस पडलं होतं. गावातल्या लोकांनीच सरकारकडे आग्रह धरला आणि १९९५ साली तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे त्याची राखणही प्रामुख्याने गावकऱ्यांनी केली. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं. शार्क परतले. तिथे कोणी मासे आणून सोडले नव्हते, फक्त पकडणं थांबवलं होतं.

तुमच्या भागात संरक्षित सागरी क्षेत्र आहे का, असेल तर ते फक्त कागदावर आहे की तिथे गस्तही होते, हे विचारा. किनाऱ्यावर बंदर, रस्ता, हॉटेल येणार असेल तेव्हा जनसुनावणी होते. तिला जा, पर्यावरण अहवाल आधी वाचा, आणि भावनेबरोबर तारखा व आकडे घेऊन बोला: विणीचा हंगाम कुठला, खारफुटी किती तोडली जाणार, गाळ कुठे टाकणार, दिवे कसले लावणार. मच्छीमारांना सोबत घ्या. किनारा त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतो, आणि त्यांच्या पोटाचा विचार न करता केलेला नियम टिकत नाही. राष्ट्रांच्या हद्दीपलीकडच्या समुद्रासाठीचा करार २०२३ साली संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला आणि जानेवारी २०२६ मध्ये लागू झाला. आपल्या देशाने त्याला संमती दिली आहे का, हे लोकप्रतिनिधीला विचारायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

पायरी ९: एकाच जागेची नोंद ठेवा

किनाऱ्याचा, खाडीचा किंवा नदीकाठचा एखादा शंभर मीटरचा तुकडा निवडा. महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच तिथीला जा, कारण भरती-ओहोटी तिथीनुसार चालते. तारीख, वेळ, पाणी चढतं होतं की उतरतं, दिसलेले पक्षी, खेकड्यांची बिळं, मेलेले मासे, पाण्याचा रंग आणि वास, कचऱ्याचे प्रकार हे लिहा. ठरलेल्या एका जागी उभं राहून दर वेळी तोच फोटो काढा. प्राण्यांचे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर तिथले जाणकार ओळख पटवायला मदत करतात आणि त्या नोंदी संशोधकांनाही मिळतात. फक्त कासवाच्या घरट्याची किंवा दुर्मीळ पक्ष्याच्या अंड्यांची नेमकी जागा उघड करू नका. तिथे नोंद लपवण्याची सोय आहे, ती वापरा.

पहिल्या वर्षी वहीत विशेष काही दिसणार नाही. दुसऱ्या वर्षी एखाद्या महिन्यात खेकड्यांची बिळं निम्मी झालेली दिसतील, किंवा एकाच प्रकारची प्लास्टिकची बारीक गोळी पुन्हा पुन्हा सापडेल. तेव्हा पहिल्या पायरीत काढलेला पाण्याचा नकाशा उघडा, उलट दिशेने चालत जा आणि ती कुठून येते ते शोधा.